घाटात गाडीचा दम तुटतो, दोष टर्बोचाच का?

प्रश्न : माझी डिझेल गाडी २०१६ सालची असून आतापर्यंत १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे. नोकरीनिमित्त रोज डिचोली ते साखळी एवढीच तिची धाव असते आणि महिन्यातून एकदा आम्ही चोर्ला घाटमार्गे बेळगावला जातो. गेल्या दोन फेऱ्यांत अंजुणे धरण मागे पडून खरा चढ लागला की एकाएकी गाडीचा दम तुटतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर जात नाही आणि इंजिनाचा नारिंगी दिवा लागतो. कडेला थांबून चावी बंद केली आणि पुन्हा सुरू केली की गाडी पूर्ववत पळते. पुढच्या लांब चढावर पुन्हा तेच. धूर विशेष दिसत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘टर्बो गेला, नवा बसवा’ असे सांगण्यात आले आणि घाटावर हवा विरळ असते म्हणून तेथे त्रास होतो, अशी पुस्तीही जोडण्यात आली. एवढा खर्च करावा का?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : आताच करू नये. आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे चावी फिरवल्यावर गाडी पूर्ववत होते, हे. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने एक फिरते आणि दुसरे त्याच वेगाने फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याचे बेअरिंग झिजले असेल किंवा पाती मोडली असतील, तर चावी बंद-सुरू केल्याने ती दुरुस्त होत नाहीत. चावीने जे दुरुस्त होते ते म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाने घेतलेला निर्णय. हवेचा दाब अपेक्षेपेक्षा फार वेगळा दिसला की इंजिनाला इजा होऊ नये म्हणून संगणक डिझेल कमी करतो आणि गाडीला जणू लगाम घालतो. मेकॅनिक यालाच ‘लिंप मोड’ म्हणतात. म्हणजे आपल्याला शोधायचे आहे ते संगणक कशाला बिचकला, हे.

विरळ हवेचे कारण मला पटत नाही. चोर्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जेमतेम आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो आणि ही तूट भरून काढणे हे टर्बोच्या कामातच येते. घाटात त्रास होतो, कारण इंजिनावर सलग इतका भार आपल्या रोजच्या वापरात अन्यत्र कोठेच येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गॅरेजकडून स्कॅनरवर दिसलेला कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, लिहून मागावा. ‘टर्बो गेला’ असा कोड कोणत्याही गाडीत नसतो. पी ०२९९ असेल तर दाब अपेक्षेपेक्षा कमी भरला, आणि पी ०२३४ असेल तर तो गरजेपेक्षा जास्त झाला. हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत, तरी गाडी चालवणाऱ्याला दोन्ही वेळा दम तुटल्याचा एकच अनुभव येतो. कोड पुसून टाकला असेल तर पुढच्या वेळी दिवा लागल्यावर पुसण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, आणि त्याबरोबर त्या क्षणाचा वेग, आरपीएम व भार यांची जी नोंद संगणकात साठते, तीही पाहावी.

त्यानंतरची तपासणी उभ्या गाडीवर होत नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर जावे लागते. तिसऱ्या गियरमध्ये दीड हजार आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि संगणकाने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब या दोन आकड्यांची नोंद शेजारच्याने घ्यावी. येथे एक चूक वारंवार होते. स्कॅनर बहुधा बाहेरच्या हवेचा दाबही धरून एकूण आकडा दाखवतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही पणजीत तो सुमारे १०१ किलोपास्कल दिसतो आणि ‘दाब तर येतो आहे’ असा समज होतो. टर्बोची खरी कमाई म्हणजे त्यावरचा भाग. मोबाइलवरच्या साध्या ॲपांत हा आकडा २५५ च्या वर जातच नाही, हेही ध्यानात ठेवावे. २५५ वर अडकलेला आकडा म्हणजे सेन्सर बिघडला असे समजण्याची घाई करू नये.

आपल्या बाबतीत मला पहिला संशय येतो तो काजळीचा. आपल्या टर्बोत गरम वायूच्या चक्राभोवती फिरती मार्गदर्शक पाती असतील, तर ती कमी आरपीएमवर मिटून वायूचा झोत जोरात चक्रावर आणतात आणि आरपीएम वाढला की उघडून त्याला मोकळी वाट देतात. रोज सात-आठ किलोमीटरचीच धाव असेल, तर इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, काजळी जळून जात नाही आणि हळूहळू या पात्यांच्या कड्यावर तिचा थर चढून पाती जड होतात. मग चोर्ल्याच्या चढावर पाती वेळेवर उघडली नाहीत तर दाब एकदम चढतो, संगणक बिचकतो आणि डिझेल आवरतो. धूर नसणे, अचानक दम तुटणे आणि चावीने पूर्ववत होणे या तिन्ही गोष्टी या चित्रात नीट बसतात. असे असेल तर टर्बो उतरवून गरम बाजू साफ करणे पुरते, नवा घेण्याचे कारण नाही. आपल्या मॉडेलमध्ये अशी मार्गदर्शक पाती नसलेला साधा टर्बो असेल तर हाच संशय वेस्टगेटवर, म्हणजे जादा वायू बाजूने सोडून देणाऱ्या झडपेवर, घ्यावा.

पाती जड आहेत की त्यांना हलवणारी यंत्रणा दुबळी आहे, हे वेगळे पाहावे लागते. फिरत्या पात्यांच्या अनेक डिझेल गाड्यांत पाती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची दांडी व्हॅक्यूमने, म्हणजे इंजिनावरच्या पंपाने हवा शोषून निर्माण केलेल्या ओढीने, ओढली जाते. इंजिन सुरू होताच ही दांडी सुमारे एक सेंटीमीटर सरकली पाहिजे आणि बंद केल्यावर न अडखळता परत आली पाहिजे. हातपंप लावून व्हॅक्यूम दिला आणि त्यावरचा काटा खाली येत राहिला तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटला आहे. काटा स्थिर राहून दांडी अडखळत, झटके खात हलली तर दोष पात्यांत आहे. (विजेवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर ही परीक्षा स्कॅनरमधून आदेश देऊन घ्यावी लागते.) आणखी एक खूण घरबसल्या मिळते. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही इंजिनावरच्या त्याच पंपाकडून येतो. दम तुटताना ब्रेकचे पेडलही कडक झाल्यासारखे वाटत असेल, तर टर्बोकडे न जाता आधी पंप आणि त्याच्या नळ्या पाहाव्यात.

नळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या जुन्या गाडीत चार दिवस शोधाशोध केल्यावर जो दोष सापडला तो वीतभर लांबीच्या व्हॅक्यूम नळीत होता, आणि तिला भोक पाडले होते उंदराने. पावसाळ्यात फणसाखाली गाडी उभी करणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाने बॉनेट उघडून एकदा पाहावे. नळी फुटली तर पाती उघडीच राहतात आणि गाडी घाटातच नव्हे, सपाटीवरही सदा मंद वाटते. आपला त्रास तसा नाही, म्हणून हा संशय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

तिसरा संशय इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, आणि त्याच्या जाड रबरी पाइपांवर. क्लँप सैल झाला किंवा पाइपाला आतून चीर गेली, तर ती उभ्या गाडीत मिटलेली राहते आणि भाराखाली उघडते. त्या वेळी जोराचा फुस्स आवाज येतो, आणि फटीभोवती तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. डिचोली-साखळी पट्ट्यातली तांबडी धूळ असल्या डागावर इतकी ठळक बसते की कित्येकदा वेगळी परीक्षा करावी लागत नाही. पाइपाच्या आतले थोडे तेल मात्र स्वाभाविक असते, त्याला भिऊ नये. सेन्सरने मोजलेली हवा वाटेत गळली तर डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडून काळा धूर येतो. आपल्याला धूर दिसत नाही, हे गळतीच्या विरोधात जाते. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या कडक मानकाच्या) डिझेल गाडीत ही खूण निरुपयोगी आहे, कारण तिचा काजळीचा फिल्टर धूर बाहेर येऊच देत नाही.

मागितलेला आणि मिळालेला दाब जुळला आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर टर्बोला सोडून द्यावे. मग डिझेल फिल्टर, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला (रेलमधला) दाब, तुंबलेला सायलेन्सर ही नावे येतात. आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. अशा गाडीला नवा टर्बो बसवल्याचे मी पाहिले आहे.

टर्बो खरोखर गेला आहे, असे कोणी म्हणाले तर थंड इंजिनावर हवेचा पाइप काढून दांडा आपल्यासमोर हलवून दाखवायला सांगावा. बाजूला किंचित हलणे चालते, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते. पुढे-मागे हलणे किंवा पाती कवचाला घासल्याच्या खुणा चालत नाहीत. त्याबरोबर निळसर धूर आणि घटणारे तेल असेल तर बदलणे भाग आहे, मात्र टर्बोला तेल पुरवणारी बारीक नळी साफ न करता नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

प्रश्न : माझी एक लिटर टर्बो पेट्रोल गाडी मे महिन्यात दुपारी मडगावच्या वर्दळीतून बाहेर पडली की आळसावते आणि रात्री त्याच रस्त्यावर छान पळते. दिवा लागत नाही. काही जण नव्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दोष देतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे मिळणारे किलोमीटर घटतात हे खरे; पण ते पेट्रोल दुपारी आणि रात्री सारखेच असते. आपला दोष उन्हाबरोबर येतो-जातो. रांगेत सरपटताना इंटरकूलरवरून वारा वाहत नाही आणि आत जाणारी हवा तापते. हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तेवढ्याच दाबाखाली ती सुमारे दहाव्या हिश्शाने विरळ होते. शिवाय गरम हवेत इंजिन ठोके देऊ लागते, तेव्हा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी घटते. त्यावर एसीचा भार. मोकळ्या रस्त्यावर पाचेक मिनिटांत गाडी सावरत असेल तर हा दोष नव्हे, स्वभाव आहे. सावरत नसेल तर इंटरकूलरच्या जाळीत अडकलेली माती व किडे, आणि बंपरमागे बसवलेले जादा दिवे किंवा हॉर्न पाहावेत. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा भुगा झालेलाही आढळतो. जोर देताना गाडी मंद न होता हिसके देत असेल तर मात्र स्पार्क प्लग आणि कॉइल तपासावेत, कारण दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते आणि दुबळा प्लग नेमका तेथे चुकतो.

प्रश्न : टाकीत ओतून टर्बो साफ करणारी बाटली उपयोगी पडते का?
— एक टॅक्सीचालक, पेडणे

उत्तर : टाकीतले द्रव्य इंजिनात जळून मगच टर्बोच्या गरम बाजूला पोहोचते, आणि हवा दाबणाऱ्या बाजूला तर ते जातच नाही. इंजेक्टरला त्याचा थोडा लाभ होऊ शकतो. घट्ट बसलेली पाती, फाटलेला पाइप किंवा कुरतडलेली नळी यांवर त्याचा काही परिणाम होणार नाही. ते पैसे आधी स्कॅनिंगला द्यावेत.