चोविसाव्या वर्षापर्यंत पडद्यावर नाव?

पत्र : मुलगी टी.वाय. बी.कॉम.ला आहे. दोन वर्षं इथल्याच एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. आता तिला फिल्म एडिटर व्हायचंय, रेणू सलुजांसारखी. आम्ही नाही म्हणत नाही. पण तिच्या बाबांनी सांगून टाकलंय की चोविसाव्या वर्षापर्यंत पडद्यावर एडिटर म्हणून नाव दिसलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. सहा महिन्यांचा, नोकरीची हमी देणारा एक कोर्स बघितलाय, फी अडीच लाख. वर दीड लाखाचा लॅपटॉप लागेल म्हणतात. पैसे घालावेत का? आणि हे काम आता एआयच करणार म्हणतात, ते खरं का? — एक आई, बार्शी

उत्तर : ताई, फी आणि लॅपटॉपचं नंतर बघू. आधी त्या मुदतीचं बोलू, कारण बाकीचे सगळे प्रश्न तिच्यातूनच निघालेत.

तुम्ही लिहिता, आम्ही नाही म्हणत नाही. पण अट अशी घातलीय की नाही म्हणायची वेळच येणार नाही. मुलीने ज्यांचं नाव घेतलं त्यांचंच बघा. रेणू सलुजांचा जन्म 1952चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दिग्दर्शनाला जायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून संकलनाला गेल्या आणि 1976 मध्ये बाहेर पडल्या. म्हणजे तुमच्या घरची मुदत संपते त्या वयात त्यांचं शिक्षण नुकतं आटोपत होतं. संकलनाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 1989च्या ‘परिंदा’साठी, शिक्षण संपल्यावर तेरा वर्षांनी. पुढे आणखी तीन मिळाले. आणि त्यांची सुरुवातीची मोठी कामं कुठल्या जाहिरातीला अर्ज करून आलेली नव्हती. इन्स्टिट्यूटमध्ये त्याच काळात शिकणारी मंडळी दिग्दर्शक झाली, त्यांनी आपले चित्रपट यांच्या हाती दिले. या धंद्यात काम असंच येतं. दिग्दर्शक एकदा विश्वासला की पुढची अनेक वर्षं तोच बोलावतो, आणि तो विश्वास बसायला वेळ लागतो.

आता तुमचा हिशेब मांडा. मुलगी एकविसाव्या वर्षी पदवीधर होईल. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट किंवा कोलकात्याची सत्यजित राय संस्था, दोन्हीकडचा संकलनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीनंतरचा; बी.कॉम. चालतं, प्रवेश परीक्षा असते, जागा मोजक्या. पहिल्या फटक्यात प्रवेश मिळाला तरी बाहेर पडेपर्यंत ती चोवीस पूर्ण. थोडक्यात, बाबांच्या अटीने सगळ्यात चांगला रस्ता आधीच बंद केलाय आणि उरलाय तो सहा महिन्यांचा कोर्स. तो चांगला आहे म्हणून तुम्ही निवडत नाही आहात, मुदतीत बसतो म्हणून निवडताय. स्थळं बघायची असतील तर बघा, तो तुमचा घरचा मामला. पण त्याला करिअरच्या सल्ल्याचं रूप देऊ नका.

संस्थेत न जाता थेट मुंबईत सहायक म्हणूनही लागता येतं. पुष्कळ नावाजलेले एडिटर तसेच घडलेत. मात्र सहायकाचं काम काय असतं ते मुलीला नीट कळू द्या. दोन तासांच्या चित्रपटासाठी तीसपट शूटिंग झालं तर 60 तासांचं फुटेज येतं. ते एडिटिंगसाठी हलक्या प्रतीत, म्हणजे प्रॉक्सीत, बदलायचं. सेकंदाला 36 मेगाबिटची प्रॉक्सी धरली तर तासाला साधारण 16 जीबी, म्हणजे एकूण 1 टीबीच्या आसपास. मूळ फुटेज याच्या कितीतरी पट. प्रत्येक टेकचा आवाज वेगळा रेकॉर्ड झालेला असतो, तो क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला वाजवलेली पाटी) किंवा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) बघून चित्राशी जुळवायचा. सीन, शॉट, टेक अशी नावं द्यायची, बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले फोल्डर, लावायचे, कंटिन्युइटी शीटवरच्या, म्हणजे सेटवर प्रत्येक टेकबद्दल लिहिलेल्या, नोंदी चढवायच्या. चित्रपट लॉक झाला, म्हणजे कटमध्ये आता बदल नाही असं ठरलं, की रीळवार तुकडे करून साउंडवाल्यांना एएएफ, कलर करणाऱ्याला ईडीएल किंवा एक्सएमएल (कुठला शॉट कुठे कापलाय ते सांगणाऱ्या फायली) आणि वर टाइमकोड छापलेला व्हिडिओ द्यायचा. साउंडच्या प्रत्येक तुकड्याला मागेपुढे काही सेकंदांची जादा पट्टी ठेवायची, नाहीतर तिथे फेड करायला, म्हणजे आवाज हळूहळू वाढवायला-कमी करायला, जागाच उरत नाही.

नोकरी जाते तीही इथेच. दुसरी कॉपी तपासून व्हायच्या आत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं. प्रॉक्सी बनवल्यावर मूळ फायलींची नावं बदलली, मग शेवटी एकही शॉट मूळ फायलीशी जोडला जाईना. सेकंदाला 24 फ्रेमच्या टाइमलाइनवर 25 फ्रेमचं फुटेज न बघता टाकलं. मोबाइलचं फुटेज फ्रेमचा वेग कायम न करता तसंच घेतलं आणि दहा मिनिटांनी आवाज ओठांना सोडून चालायला लागला. अशी चार-पाच वर्षं निभावली की एखादा एडिटर म्हणतो, हा सीन तू लावून बघ.

एआयबद्दल. एडिटिंग म्हणजे नको ते कापणं आणि सॉफ्टवेअर भराभर चालवणं, हा समज मनात असल्यामुळेच तुम्हाला भीती वाटते. आवाज जुळवणं, संवाद लिहून काढणं, टेक शोधणं ही कामं यंत्र करू लागलंय, आणखी करेल. पण समजा, बाप मुलीला सांगतोय की घर विकलं. त्या वाक्यावर चेहरा कुणाचा दाखवायचा? बापाचा दाखवला तर सीन त्याच्या अपराधाचा होतो, मुलीचा दाखवला तर तिच्या धक्क्याचा. ती ऐकतेय त्या शॉटवर 24 फ्रेम, म्हणजे एकच सेकंद, जास्त थांबलं तर तिला हे आधीच ठाऊक होतं असा अर्थ निघू शकतो. तिचं उत्तर ती पडद्यावर यायच्या आधीच ऐकू आलं तर सीन पळतो. आठ टेकमध्ये सगळ्यात बरं रडलेला टेक बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण पुढच्या सीनमध्ये रडायला काही उरत नाही. पगार या निर्णयांचा मिळतो. बटणं सहा महिन्यांत येतात, घरबसल्याही येतात.

म्हणून अडीच लाख देऊ नका. संकलनात नोकरीची हमी देणारा कोर्स पहिली नोकरी म्हणून काय लावून देतो, ते लेखी मागा. रील्स कापायचं काम निघालं तर ते तिला आजही मिळेल. लॅपटॉपही थांबवा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती 16 जीबी रॅमच्या साध्या मशिनवर प्रॉक्सी वापरून चालते. घ्यायचंच तर 2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि कान पूर्ण झाकणारा एक चांगला हेडफोन घ्या.

लग्नाच्या कामाला नावं ठेवू नका. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवणं, तारखेला काम देणं, डाटा सांभाळणं ती तिथे शिकलीय. खोड एकच लागते, प्रत्येक गोष्टीवर गाणं आणि स्लो मोशन. ती मोडायला तिने हे करावं : दोन मैत्रिणींचा तीन मिनिटांचा, भांडणाचा सीन मोबाइलवर तीन कोनांतून, प्रत्येकी चार टेक असा शूट करायचा. संगीत नाही, डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं) नाही. तो दोनदा लावायचा, एकदा पहिलीची बाजू खरी वाटेल असा, एकदा दुसरीची. खोलीची नुसती शांतता मिनिटभर वेगळी रेकॉर्ड करायची आणि कटाखाली पसरायची, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो. मग आवाज बंद करून बघायचं. कोण जिंकतंय हे तरीही कळलं तर तिने इन्स्टिट्यूटची परीक्षा जरूर द्यावी. आणि या कामात तिला आठवडाभरात कंटाळा आला तर तेही बरंच झालं, बी.कॉम. हाताशी आहेच.

मुंबईत मालिकेच्या कामाला लागली तर रात्रपाळी येणार, कारण एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा, नेहमी रिकामी असते. रात्री घरी सोडायला गाडी आहे का, शिफ्टला आणखी कोण असतं, मानधन महिन्यावर की कामावर, आणि श्रेयनामावलीत नाव जाणार का, हे चार प्रश्न तिने पहिल्याच भेटीत विचारावेत. उत्तर टाळलं तर तिथे राहू नये.

तुमच्या पत्रात बाबांचं म्हणणं आहे, तुमचं आहे, त्या कोर्सवाल्यांचंही आहे. मुलीचं एकच वाक्य आहे, तेही तुम्ही लिहिलेलं. पुढचं पत्र तिला पाठवू द्या, सोबत दोन्ही कट. आणि ते बघून होईपर्यंत मुदतीचा विषय घरात काढू नका.