वाचकांचे प्रश्न : नोकरी गेल्यानंतर

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत नोकरी गेलेल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रे सर्वांत अधिक आहेत. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण कारखान्यांच्या कर्मचारी विभागात 26 वर्षे काम करताना हीच अडचण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळदा पाहिली आहे. पत्रलेखकांची ओळख त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय 43 आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर चाकणच्या एका कारखान्यात, जिथे वाहनांचे सुटे भाग तयार होतात, मी 17 वर्षे 8 महिने काढली. शेवटी क्वालिटी विभागात सहायक व्यवस्थापक होतो. ऑर्डरी कमी झाल्या, एक लाइन बंद पडली आणि एका शुक्रवारी एचआरने बोलावून सांगितले, "तुम्हीच राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढे अडचण येणार नाही." मी लिहून दिला. दोन महिन्यांचा पगार मिळाला, ग्रॅच्युइटी अजून आलेली नाही. याला साडेतीन महिने झाले. घराचा हप्ता 24,000 रुपये आहे, मुलगी अकरावीत आहे. पोर्टलवर 140 ठिकाणी अर्ज केले. तीन फोन आले आणि तिघांनीही आधीचा पगार विचारून फोन ठेवला. पत्नीला सगळे ठाऊक आहे, सोसायटीत कोणाला सांगितलेले नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीची बस आमच्या चौकात येते, म्हणून त्या वेळी दूध आणायला मी मागच्या गल्लीने जातो. मेव्हणे म्हणतात, पीएफ काढून मिसळीची फ्रँचायझी घ्या. मला क्वालिटीखेरीज काही येत नाही. एकदा ग्राहकाच्या कारखान्यात नऊ दिवस बसून एक मोठी तक्रार मिटवली होती, तेव्हा सगळे नाव घेत होते. आज एकाचाही फोन येत नाही. काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मी तुम्हाला फोन केला होता. त्या बोलण्यातील काही तपशील तुमच्या परवानगीने येथे देत आहे, कारण ते इतरांनाही उपयोगी पडतील.

आधी हक्काच्या पैशाचे पाहू. राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या माणसाला राजीनाम्यानंतरही ती मिळते. तुमचा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 28,000 रुपये होता. त्याला 26 ने भागून 15 ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे, हा हिशेब आहे. शेवटच्या वर्षातील सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे तुमची 17 वर्षे 8 महिने ही 18 वर्षे होतात आणि रक्कम सुमारे 2,90,000 रुपये येते. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज द्यावे लागते. कंपनीला लेखी अर्ज करा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि तरीही उत्तर आले नाही तर ग्रॅच्युइटीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. असे केल्यास संबंध बिघडतील अशी भीती तुम्ही फोनवर बोलून दाखवली. ग्रॅच्युइटी मागितली म्हणून कोणाचे अनुभवपत्र परत घेतले गेल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही, पण संकोचापायी वर्षानुवर्षे थांबलेली माणसे मात्र पाहिली आहेत.

ज्यांच्यासमोर राजीनाम्याचा कागद आज ठेवला आहे, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करते. त्याच दिवशी सही करू नका. "घरी विचारून सांगतो" असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कायद्याने कामगार ठरणाऱ्या माणसाची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात की या भरपाईवर दावा सांगणे फार अवघड होऊन बसते. पदनाम मोठे आहे म्हणून तुम्ही कामगार नाही, असेही गृहीत धरू नका, कारण तिथे पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम काय होते ते पाहिले जाते. सही करण्यापूर्वी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा तरी भेटा.

आता पीएफ आणि मिसळ. मेव्हण्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचे ऐकू नका. ते पैसे तुमच्या आणि तुमच्या पत्नीच्या म्हातारपणाचे आहेत, खात्यावर व्याज मिळत राहते आणि दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्कही तुम्हाला मिळालेला आहे. हॉटेल चालवणे हे शिकून घेण्याचे काम आहे. ते मनापासून करायचेच असेल, तर आधी दोन महिने दुसऱ्याच्या गल्ल्यावर पहाटे पाचपासून उभे राहून पाहा. मनापासून करायचे आहे का, असे मी विचारले तेव्हा तुम्ही "नाही, पण रिकामे बसवत नाही" असे म्हणालात. रिकामे बसवत नाही म्हणून आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याच्या पाटीखाली लावू नये.

हप्त्याविषयी बँकेत तुम्ही स्वतः जा, आणि पहिला हप्ता चुकण्याच्या आधी जा. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादक, म्हणजे वसुली अडलेले, ठरते आणि मग बँकेचे बोलणे बदलते. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो. ग्रॅच्युइटी आली की तीतून सर्वांत आधी कुटुंबाचा आरोग्य विमा घ्या. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो, हे अनेकांना दवाखान्याच्या खिडकीवरच कळते.

एवढे झाले की तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने मला सर्वांत अस्वस्थ केले, त्याकडे वळते. "मला क्वालिटीखेरीज काही येत नाही" असे तुम्ही लिहिता आणि त्याच्या पुढच्याच ओळीत ती नऊ दिवसांची गोष्ट सांगता. फोनवर मी ती खोदून विचारली. ब्रेकच्या एका ब्रॅकेटचे भोक जागेवरून किंचित सरकत होते, ग्राहकाच्या लाइनवर बोल्ट बसत नव्हता आणि तुमच्या कारखान्यात मात्र प्रत्येक नग गेजवर, म्हणजे माप तपासण्याच्या साच्यावर, पास होत होता. पाच दिवस सगळे ड्रिलिंगच्या मशिनला दोष देत राहिले. सहाव्या दिवशी रात्रपाळीत तुम्ही स्टोअरमधून न वापरलेला गेज काढलात, त्यावर तोच नग बसवून पाहिलात आणि तो बसला नाही. रोजच्या वापरातल्या गेजच्याच पिना झिजल्या होत्या. तुम्ही पिना बदलायला लावल्या, गेज किती नगांनंतर तपासायचा याचा तक्ता लावलात, ड्रिलिंग करताना नग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची झिजलेली पिनही बदलून घेतलीत आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

तुमच्या बायोडाटात यातले एक अक्षरही नाही. तिथे पहिल्या ओळीत "आव्हानात्मक पदाच्या शोधात" असे लिहिले आहे आणि खाली पदनामांची यादी आहे. असा बायोडाटा वाचणाऱ्याला तुमचे वय आणि पगार एवढेच दिसते, म्हणून तो तेवढेच विचारतो आणि फोन ठेवतो. एक शंभर पानी वही घ्या आणि आठवतील तशा गेल्या 17 वर्षांतील अशा सगळ्या घटना लिहून काढा : अडचण काय होती, तुम्ही काय पाहिलेत, काय बदललेत, रिजेक्शन कितीवरून कितीवर आले. यातली ग्राहकाची किंवा कंपनीची गोपनीय माहिती बाहेर सांगू नका, पण काम सांगा. दहा-पंधरा घटना निघतील. त्यांतील चार बायोडाटाच्या पहिल्या पानावर घ्या.

हे पान घेऊन पोर्टलवर आणखी 140 अर्ज करू नका. भोसरी, तळवडे, चाकण येथे तीस-चाळीस माणसांचे कितीतरी कारखाने मोठ्या कंपन्यांना माल देतात. त्यांच्या मालकांना आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे ऑडिट, ग्राहकाची तक्रार आली की द्यावा लागणारा आठ टप्प्यांचा एट-डी अहवाल आणि नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्यासाठीची पीपॅपची फाइल यांची धास्ती असते. आणि पूर्ण पगारावर अनुभवी क्वालिटी मॅनेजर ठेवणे त्यांना झेपत नाही. तुमच्या जुन्या कंपनीच्या व्हेंडरांपैकी पाच-सहा मालक तुम्हाला नावाने ओळखतात. त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि आठवड्यातून दोन दिवस येऊन काम करण्याचा प्रस्ताव ठेवा. असे तीन कारखाने मिळाले तर घर चालते. सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची गरजही पडत नाही. आयएटीएफच्या अंतर्गत ऑडिटरचे प्रमाणपत्र तुमच्याकडे जुने असेल तर ते नव्याने करून घ्या. माझ्या मते या घडीला तेवढाच खर्च योग्य आहे. कायम नोकरीच हवी असेल तर शोधाची हद्द कोल्हापूरपर्यंत वाढवा, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींना कास्टिंगनंतरच्या मशिनिंगची जाण असलेला माणूस लागतो. पहिल्या वर्षी उत्पन्न जुन्या पगाराइतके होणार नाही. मुलीलाही हे आजच सांगा. अकरावीतल्या मुलीला घरातले बदल कळत असतात आणि न सांगितल्याने ती अधिक घाबरते.

राहिली ती बस. त्या बसमध्ये तुमच्याबरोबर 17 वर्षे बसलेली जी माणसे आहेत, त्यांचे मेव्हणे, भाऊ, शेजारी या पट्ट्यातील दुसऱ्या कारखान्यांत आहेत. पोर्टलवर न येणाऱ्या जागा त्यांनाच आधी कळतात. त्यांचा फोन येत नाही, कारण काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. येत्या सोमवारी सहा वाजता दुधाची पिशवी घेऊन चौकातूनच जा, बस थांबली की दारात उभे राहून दोघांना तरी सांगा की मी काम शोधतो आहे, कुठे क्वालिटीची जागा निघाली तर कळवा. हे वाक्य उच्चारायला तुम्हाला फार जड जाणार आहे, याची मला कल्पना आहे. तरीही ते सोमवारीच उच्चारा.

प्रश्न : मी 34 वर्षांची असून पुण्यातील एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. आमचा पूर्ण विभागच बंद झाला. सात महिने घरी आहे. मुलाखतीत "तुम्हालाच का काढले?" असे विचारतात तेव्हा माझा गळा दाटून येतो. मैत्रीण म्हणते, जुनी नोकरी अजून चालू आहे असेच लिही. तसे करावे का?

उत्तर : मुळीच करू नका. नेमणुकीपूर्वी कंपन्या पार्श्वभूमीची पडताळणी करून घेतात आणि तुमच्या पीएफच्या यूएएन क्रमांकाच्या खात्यावर प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट नोंदलेला असतो. विभाग बंद होणे ही तुमची चूक नव्हती, पण खोटी तारीख लिहिली तर ती मात्र तुमची चूक ठरेल आणि मिळालेली नोकरीही जाईल.

त्या प्रश्नाचे उत्तर तीन वाक्यांत बसवा आणि घरी मोठ्याने म्हणून पाहा, आरशासमोर नको, कोणातरी माणसासमोर. "आमचा विभाग बंद करण्यात आला आणि त्यात माझी जागा गेली. त्यानंतरच्या महिन्यांत मी ऑटोमेशन टेस्टिंग शिकून एका नमुना संकेतस्थळाच्या चाचण्या लिहिल्या आहेत. त्या मी आता दाखवू शकते." तिसरे वाक्य खरे असले पाहिजे, नसेल तर पुढचे सहा आठवडे त्यासाठी द्या. गळा दाटून येतो तो पहिल्या वाक्यानंतर थांबल्यामुळे. सांगण्यासारखे काम हाताशी असले की बोलणे आपोआप पुढे सरकते.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. मुलगा 27 वर्षांचा, बंगळुरूची नोकरी गेल्यामुळे दोन महिन्यांपासून घरी आला आहे. उशिरा उठतो, फारसे बोलत नाही. त्याने एमपीएससीचा अभ्यास करावा असे मला वाटते. खुल्या गटातही वयाची मर्यादा 38 असल्याने वेळ आहे. त्याला कसे समजवावे?

उत्तर : सर, वेळ आहे म्हणून तो रस्ता धरायला लावू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. नोकरी गेल्याच्या धक्क्यातून सुरू केलेला अभ्यास अनेकदा चार-पाच वर्षे लांबतो आणि तेवढ्यात हातातला अनुभव जुना होतो. त्याने स्वतः तो विषय काढला तर अवश्य ऐका, आणि तेव्हाही किती वर्षे द्यायची हे आधीच ठरवून घ्या.

येते पंधरा दिवस "काही झाले का?" हा प्रश्न घरात कोणीच विचारू नये, येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांनाही आपणच तसे सांगून ठेवावे. सकाळी आपण फिरायला जात असाल तर त्याला सोबत घ्या, आणि वाटेत आपल्या नोकरीत आपल्यावर आलेल्या वाईट दिवसांविषयी सांगा. आपल्या पिढीतील शिक्षकांनी वर्षानुवर्षे विनाअनुदानित शाळांत पगाराविना काढलेले दिवस मुलांना बहुधा ठाऊकच नसतात. झोप अगदीच बिघडली असेल, जेवण कमी झाले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलून गेला असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 14416 या टेलीमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तसे काही नसेल तर पंधरा दिवसांनंतरच्या एखाद्या रविवारी कागद-पेन घेऊन त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या कंपनीत तो नेमके काय करत होता, ते आपल्याला समजावून सांगायला सांगा. आपण शिक्षक आहात. समजेपर्यंत विचारत राहा.