आईच्या शोकसभेत दहा मिनिटं काय बोलू?

तुमचा प्रश्न वाचला. आई ८७ व्या वर्षी गेली, गावचं महिला मंडळ तिनं कित्येक वर्षं चालवलं, रविवारी शोकसभा आहे, दहा मिनिटं बोलायचंय आणि काही सुचत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण 'त्यागमूर्ती' हा शब्द सुचवून जातोय, असंही तुम्ही लिहिलंय.

तेवढा एक शब्द सोडून काहीही बोला. मी तो वापरून बसलेय, म्हणून सांगते.

माझी आई फेब्रुवारी २०२४ मध्ये गेली, नव्वदीत. बाराव्याला मांडवात मीच बोलले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे बोलायची भीती नव्हती. चंदन झिजलं, समई जळली, वटवृक्ष कोसळला, सगळं व्यवस्थित पार पडलं. चारदोन बायका पदर डोळ्याला लावत होत्या. जेवणं झाल्यावर मागच्या वाडीतली एक म्हातारी मागील दारी आली, हात धुऊन पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बोललंस बरा गो. पण ती आमची काकी न्हय."

तेव्हापासून त्या दिवशी काय बोलायला हवं होतं याची जुळवाजुळव मनात चालू आहे. ती तुमच्या निमित्तानं इथे उतरवते.

आमचं गाव मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, खाडीकाठी. आई १९५० साली सतराव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. बाबा मुंबईला गिरणीत, साचेखात्यात; साचा म्हणजे कापड विणायचा माग. राहायला लालबागला गावकऱ्यांची खोली, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. बाबा वर्षातून एकदा यायचे, जमलं तर दोनदा. पावसाळ्यात बोट बंद, त्यामुळे त्या चार महिन्यांत इथे कुणी मेलं तरी मुंबईत कळायचं ते कार्डानं. इथे आई, तिची सासू, पुढे आम्ही चार भावंडं, दोन बैल, भातशेती आणि तीसेक माड. तरवा काढण्यापासून भात झोडण्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर. हे मी भाषणात सांगितलं होतं, तुम्हीही सांगाल. पण त्या काळात आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांत बाई हेच करत होती. त्यात माझ्या आईचं वेगळेपण काही नाही.

वेगळं होतं ते तिचं अक्षर. ती चौथी पास होती. त्या काळची चौथी, म्हणजे मोडी थोडी, बाळबोध स्वच्छ. आमच्या वाडीत बावीस घरं, बाप्ये जवळजवळ सगळे मुंबईत, आणि वाचता येणारी बाई ही एकटी. पोस्टमन येऊन गेला की दुपारची पेज आटोपून बायका आमच्या पडवीत यायच्या. ती एकेकीला आत घ्यायची, बाकीच्यांना म्हणायची, "बायांनो, बावीवर जावा, कळशी भरान येवा." दुसरीच्या कानावर एक शब्द पडू द्यायची नाही. पत्र वाचून दाखवायची, मग उत्तर लिहायची. मनिऑर्डर किती आली, सावकाराचं किती राहिलं, कुणाच्या नवऱ्यानं दारू सोडली, कुणाच्यानं धरली, सगळं तिला ठाऊक. आम्हा पोरांना त्यातलं एक अक्षर कधी कळलं नाही. पुढे ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा लोक विचारायचे, काकींच्या मागे कोण? पुढारी नाही, पक्ष नाही, पैसा तर नाहीच. मागे ही पडवी होती.

आता एक गोष्ट जी मी मांडवात बोलले नाही, आणि तुम्हालाही अशी एखादी आठवत असेल. आमच्याकडे बांगडे आले की मधला तुकडा भावांना, शेपटीकडचा मला आणि बहिणीला. आई स्वतः फक्त कढीवर जेवायची, म्हणून तक्रारही करता येत नसे. सातवीत असताना लावणीसाठी तिनं मला शाळेतून पंधरा दिवस काढलं. भावाला काढलं नाही. हीच बाई पुढे ग्रामसभेत मुलींच्या शाळेवर तावातावानं बोलायची. मी पन्नाशीला आल्यावर एकदा तिला विचारलंच. ती वाल सोलत होती. सोलायची थांबली आणि म्हणाली, "तेव्हा माका सुचूक नाय गो." एवढंच. माफी नाही, सारवासारव नाही. त्या एका वाक्यावर माझा बराच राग उतरला, सगळा नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बाबा त्या मे महिन्यात गावी आले ते कायमचे. तीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस, त्याला घरात बसायचं कसं ते कळेना. आईनं त्यांना बागेचं पाणी आणि चहा ही दोन खाती दिली. 'खाती' हा बाबांचाच शब्द.

मग ७३ वी घटनादुरुस्ती आली. एप्रिल १९९३ पासून ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना, सरपंचपदं धरून. (आपल्या राज्यात निम्म्या जागा झाल्या त्या नंतर, २०११ मध्ये.) १९९७ ला आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी आलं. गावातल्या बाप्यांना सही करणारी बाई हवी होती, कारभार ते बघणार होते. काकी वयस्कर, नवरा शांत, सोयीची वाटली. पहिल्या मीटिंगला बाबांसाठी तिच्या शेजारी खुर्ची मांडली होती. बाबा तिला सोडायला दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कुणी तरी म्हणालं, बसा की. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या साच्याक हात लावचो नसता." घरी येऊन चहा ठेवला. पाच वर्षांत ते पंचायतीची पायरी चढले नाहीत. माझ्या बाबांवर कुणी शोकसभा घेतली नाही, म्हणून हे इथे नोंदवून ठेवते.

तिच्या कामातलं सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं आमचं गाव शिमगा संपला की पाण्यासाठी वणवण करायचं. सगळा जांभा, वरून पडलेलं पाणी चाळणीतून जावं तसं जातं आणि व्हाळातून खाडीला मिळतं. खाडीकडच्या बावी एप्रिलमध्ये मचूळ होतात, डाळ शिजत नाही. आईनं शोध काही लावला नाही. कच्चे बंधारे आधीही घालत असत, मधल्या काळात ते बंद पडले होते, कारण घालणारे हात मुंबईला गेले होते. तिनं ते काम बायकांना घेऊन सुरू केलं. भात घरात आलं, व्हाळाची धार बारीक झाली, की नोव्हेंबरच्या शेवटी मुहूर्त. सिमेंटच्या रिकाम्या गोणी ती वर्षभर जमवायची. पुलाच्या कामावर, कुणाच्या घराच्या पायाशी, जिथे दिसतील तिथे मागायची. लाज नावाचा प्रकार नव्हता. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला आली तेव्हा शेजारी बांधकाम चाललं होतं, जाताना गाडीच्या डिकीत चाळीस गोणी. गोणीत माती भरायची, तोंड शिवायचं, विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या आणि मध्ये चिखल दाबायचा. पाणी अडलं की आजूबाजूच्या बावींची पातळी टिकते. पहिल्या वर्षी आमच्या बावीला मे अखेरपर्यंत पाणी होतं. पावसाळ्यात बंधारा वाहून जायचा, पुन्हा नोव्हेंबरात तेच. दरवर्षी. हे कंटाळवाणं काम आहे आणि यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

ग्रामसभेत ती जमाखर्च स्वतः वाचायची, पैशापर्यंत. मागे बसलेले बाप्ये टवाळीनं, देवाला गाऱ्हाणं घालताना म्हणतात तसं एका सुरात "व्हय महाराजाऽ" म्हणायचे. ती वाचता वाचता चष्म्यावरून बघायची. "देवाक फसवलात तर देव गप रवता. मी गप रवचंय नाय." आणि पुढची रक्कम.

आणि तिला हे सगळं आवडायचं, हो. पंचायत समितीच्या बैठकीची हिरवी साडी वेगळी होती. एसटीत पुढची सीट तिला लागायची. एका मोठ्या अधिकाऱ्याबरोबरचा फोटो तिनं चौकट करून देव्हाऱ्याच्या बरोबर वर लावला होता, बाबा म्हणायचे, नमस्कार नेमका कुणाला पोचतो कळत नाही. त्यागात माणसाला एवढी मजा येत नसते. म्हणून तो शब्द चुकीचा.

बचत गट, आमसुलं, पाखाडीचे चिरे, हे सगळं मी गाळते, तुमच्या आईच्या यादीतही असंच असेल आणि ते बोलायला इतर वक्ते असतील. तौक्ते वादळाचं एकच सांगते. १६ मे २०२१. आई ८७ ची, पायानं अधू. आठ दिवस वीज नाही, फोन मेलेले. ती पडवीत खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना पिटाळून कुणाची किती कौलं गेली ते विचारून आणायला लावलं. वहीत लिहून ठेवलं. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा वाडीची यादी तयार होती. तिचं पद जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

आता मागील दारच्या म्हातारीचं. त्या दिवशी तिनं मला जे सांगितलं ते असं. साल ६५-६६ असेल. तिच्या नवऱ्याचं मुंबईहून पत्र आलं. आईनं वाचून दाखवलं: बरा आहे, पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो, पोरांना जप. म्हातारी, म्हणजे तेव्हाची बावीस वर्षांची पोर, पत्र घेऊन घरी गेली. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. पत्र दोन्ही बाजूंनी भरलेलं, आणि काकीनं वाचलं ते चार ओळींचं. तिनं कुणाला दाखवलं नाही. पुढच्या गणपतीला नवरा आला, गुमान राहिला, आणि वर्षभरात गावीच परतला. मेला तेव्हा त्याच्या ट्रंकेत माझ्या आईच्या अक्षरातलं एक पत्र निघालं. ते नातवानं वाचून दाखवलं. काय होतं त्यात, मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "ता माझ्या वांगडा जाताला." म्हणजे, ते माझ्याबरोबरच जाईल. मूळ पत्रात काय होतं हेही तिनं आजवर कुणाकडून वाचून घेतलेलं नाही. ते अजून तिच्याकडे आहे.

आईनं केलं ते बरोबर होतं का, माझं ठरत नाही. दुसऱ्याचं पत्र गाळून वाचायचा अधिकार तिला कुणी दिला? आणि न गाळता वाचलं असतं तर? मी शिक्षक, मला उत्तर ठाऊक असायला हवं.

तर रविवारच्या आधी दोन माणसांना भेटा. एक, जिला तुमच्या आईनं गुपचूप मदत केली असेल अशी बाई. दुसरं, जो तुमच्या आईशी भांडला असेल असा माणूस. दुसरा सापडायला सोपा असतो आणि जास्त खरं बोलतो.

माझ्या आईवर १९९९ ला अविश्वास ठराव आला होता. एका मतानं पडला. तो आणणारा सदस्य आता ऐंशीच्या घरात आहे. बाराव्यानंतर मी त्याच्याकडे गेले, चहा झाला, आणि विचारलं, तुमचं नेमकं कशावरून बिनसलं होतं? तो हसायलाच लागला. म्हणाला, "ठराव तिनाच लिवन दिल्यान."

त्याला अर्ज लिहिता येईना, आणि गावात सगळ्यांचे अर्ज काकीच लिहायची. तेव्हा हा संध्याकाळी आमच्या पडवीत गेला. एक अर्ज होयो होतो. कसलो? तुमच्यार अविश्वास. तिनं चष्मा लावला, कागद घेतला, म्हणाली, कारणां सांग. त्यानं तीन सांगितली. सभा वेळेवर बोलावत नाहीत. पंचायतीच्या पैशात अफरातफर केली. नळपाणी योजनेचा पाइप आधी स्वतःच्या वाडीत नेला.

दुसऱ्यावर ती थांबली. "ह्या खोटा आसा. ह्या मी लिवचंय नाय."

पहिलं आणि तिसरं लिहून दिलं.