खोलीचा फोटो काढला की खिडकी पांढरीफटक येते. ब्रॅकेटिंगला, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात अनेकदा टिपायला, 3 फ्रेम पुरतात की 5 लागतात? आणि अशा फ्रेम जोडणं ही लबाडी नाही का?

फ्रेमचं आधी सांगतो. कॅमेऱ्याच्या लाइट मीटरने खिडकीचं रीडिंग घ्या, सगळ्यात काळोख्या कोपऱ्याचं घ्या, मधलं अंतर 2-2 स्टॉपने भरा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फ्लॅटच्या हॉलला बहुतेक वेळा 3 पुरतात. बदलायचा तो फक्त शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ.

आता लबाडी. हाच शब्द एका फोटो क्लबच्या प्रदर्शनात परीक्षकांनी मला चारचौघांत ऐकवला होता. फोटो कार्ल्याच्या चैत्यगृहाचा, स्तूपापासून दाराकडे बघत घेतलेला. लेणं पश्चिमेला उघडतं, त्यामुळे दुपार कलली की दारावरच्या मोठ्या गवाक्षातून ऊन थेट आत येतं आणि छत मात्र अंधारात राहतं. त्या छताला सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत, मूळच्या, अजून जागेवर. गवाक्षाला 1/250 सेकंद लागत होता, खांबांवरच्या हत्तींना 1/2, कमानींना तब्बल 4 सेकंद. 10 स्टॉपचा फरक! एकाच रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीतून) सावल्या उजळ ओढल्या तर लाकडाच्या जागी नुसता नॉइज, म्हणजे दाणेदार कचरा, उरतो. म्हणून ट्रायपॉडची पुरातत्त्व खात्याकडून रीतसर परवानगी काढली आणि 6 फ्रेम घेतल्या.

जोडल्या हाताने. फ्रेम आपोआप जोडणारं ऑटो एचडीआरचं बटण मी दाबत नाही, कुणी दाबूही नये. ते खांबांभोवती पांढरी प्रभावळ काढतं आणि सगळं लेणं एकसारखं उजळून टाकतं. मग ते लेणं वाटत नाही, मंगल कार्यालय वाटतं. उजळ फ्रेम खाली, गडद वर, वरच्या फ्रेमला ती झाकणारा काळा मास्क, आणि पांढऱ्या मऊ ब्रशने 10 टक्के फ्लोवर (रंग हलकेच सोडत) फक्त गवाक्ष उघडायचं. कडेच्या दगडावर उजेड सांडलेला असतो, तो पुसायचा नाही. पुसलात की तिथे राखाडी पट्टा उमटतो आणि चोरी पकडली जाते.

परीक्षकांचं म्हणणं, एका क्लिकमध्ये येतं तेवढाच फोटो. बक्षीस गेलं त्याच जागेच्या एका सिल्हूटला, म्हणजे उजेडासमोरच्या काळ्या छायाकृतीला. त्यात कमानी ठार काळ्या! आत पाच मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही त्या दिसतात, डोळा सरावतो. मग खोटा फोटो कुठला? आणि हे कॉम्प्युटरचं खूळही नव्हे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1857 च्या सुमारास फ्रान्समधल्या सेतच्या किनाऱ्यावर समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी घेऊन क्षितिजावर जोडली. तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या हळव्या होत्या की समुद्र नीट आला की आकाश जळायचं. तुमच्या खिडकीचं दुखणं तेच आहे.

बातमीच्या फोटोत मात्र हे अजिबात चालत नाही, तिथे परीक्षकांचा नियम मला मान्य आहे. घर विकायला फोटो काढत असाल तर खोली आहे त्याहून उजेडाची दाखवू नका. सॉफ्टवेअर लेअर मास्क असलेलं कुठलंही चालेल, जिंप फुकट आहे. आणि पंखा बंद करा. पडदा तरीही हलत असेल तर तेवढा भाग एकाच फ्रेममधून घ्या, नाहीतर दोन पडदे दिसतील.