‘नो म्युझिक’ दिसलं की आधी थांबा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे वडील शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत श्रोते होते. कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या घरगुती बैठकींत त्यांनी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर गाणं टिपून घेतलं होतं. ९० मिनिटांच्या साठेक कॅसेट असतील. निवृत्तीनंतर त्यांनी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि ॲपल कंपनीच्या १६० जीबीच्या आयपॉड क्लासिक या म्युझिक प्लेअरवर भरल्या. पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला. कॅसेटींना बुरशी आली म्हणून घर आवरताना त्याही टाकल्या. वडील गेल्या वर्षी गेले. दिवाळीत भाच्याने आयपॉड त्याच्या लॅपटॉपला जोडला. ‘हा दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून नव्याने भरू का?’ अशा अर्थाचा प्रश्न आला. त्याने ‘कॅन्सल’ केलं आणि घाबरून वायर ओढली. तेव्हापासून पडद्यावर ‘नो म्युझिक’ येतं. एका दुकानात म्हणाले, ‘रिस्टोअर करून देतो, नव्यासारखा चालेल.’ द्यावा का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : देऊ नका. अंक छापून हातात पडेपर्यंत महिना जातो, म्हणून पत्र वाचल्यावर तुम्हाला फोन करून एवढंच सांगितलं होतं. आता कारणासकट सांगते, कारण अशी यंत्रं अजून पुष्कळ घरांच्या कपाटांत पडून आहेत.

रिस्टोअर म्हणजे आतली डिस्क नव्याने फॉरमॅट करून कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवणं. यंत्र चालू होतं हे खरं, पण गाणी जातात. दुकानदाराला यंत्र दुरुस्त करायचं असतं, तुम्हाला वडिलांच्या बैठकी परत हव्या आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुकानात शिरताना हे स्पष्ट बोललं पाहिजे.

आयपॉडवर गाण्यांच्या फाइल एका जागी असतात आणि त्यांची यादी दुसऱ्या जागी. पडद्यावर गायकाचं नाव, अल्बम, शीर्षक दिसतं ते त्या यादीतून. यादी लिहिली जात असताना वायर निघाली तर ती अर्धवट राहते आणि यंत्राला वाटतं, आपल्याकडे काहीच नाही. करवीर नगर वाचन मंदिरातली नोंदवही भिजून गेली म्हणून कपाटातली पुस्तकं नाहीशी होत नाहीत, तसंच हे. तुमच्या भाच्याने ‘कॅन्सल’ दाबलं, हे फार चांगलं केलं. तिथे ‘पुसून भरा’ दाबलं गेलं असतं तर आज मला वेगळं उत्तर लिहावं लागलं असतं. त्याला रागावू नका.

फोनवर मी तुम्हाला ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट’मध्ये जाऊन मधलं बटण दाबायला सांगितलं. तिथे गाणी शून्य, एकूण जागा सुमारे १४८ जीबी आणि शिल्लक ९१ जीबी असं तुम्ही वाचून दाखवलंत. (१६०च्या जागी १४८ का, असं तुम्ही विचारलंत. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, यंत्र १०२४च्या पटीत. बाकी थोडी जागा यंत्राला स्वतःला लागते.) १४८ मधून ९१ वजा केले की ५७ जीबी उरतात. तेवढी जागा कशाने तरी भरलेली आहे. शून्य गाण्यांना ५७ जीबी लागत नाहीत.

हा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. साठ कॅसेट, प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे ५४०० मिनिटं. साधारण दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला एक एमबीच्या आसपास लागतो, म्हणजे सगळं मिळून साडेपाच जीबीत बसलं असतं. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलला मिनिटाला दहा एमबी लागतात, त्या हिशोबाने ५४ जीबी होतात. तुमचा आकडा याच्याशी जुळतो. वडिलांनी आवाज न दाबता, न छाटता, जसा कॅसेटवर होता तसा उतरवून ठेवला असणार. जागा वाचवायचा सोपा रस्ता समोर असताना त्यांनी तो घेतला नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आता काम. आधी आयपॉड भिंतीवरच्या चार्जरला लावून पूर्ण चार्ज करा, कारण कॉपी चालू असताना तो बंद पडायला नको. मग ज्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स (आयपॉडमध्ये गाणी भरणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) नाही अशा कॉम्प्युटरला जोडा. आयट्यून्स असलेलाच मिळाला तर विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल ही दोन्ही बटणं दाबून धरून वायर लावा, म्हणजे ते आपणहून काही भरायला-पुसायला जात नाही. आयपॉड डिस्क म्हणून दिसलाच नाही, तर आयपॉडवरचं मेन्यू आणि मधलं बटण सफरचंद दिसेपर्यंत एकत्र धरा, आणि ते दिसताच मधलं बटण आणि प्ले धरा. याला डिस्क मोड म्हणतात. याने गाण्यांना धक्का लागत नाही. ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं विंडोजने विचारलं तर ‘नाही’ म्हणा आणि वायर काढा. आयपॉड मॅकवर (ॲपलच्या कॉम्प्युटरवर) तयार केलेला असला की विंडोजला तो वाचता येत नाही, बहुधा एवढाच त्याचा अर्थ. मग ओळखीतला कुणाचा मॅक शोधा.

डिस्क उघडली की ती रिकामी वाटेल. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा. ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१, एफ०२ अशा फोल्डरांची रांग. आतल्या फाइलींना चार-चार इंग्रजी अक्षरांची अर्थहीन नावं असतात. घाबरू नका, यंत्र ती तशीच देतं. इथे काहीही उघडू नका, नाव बदलू नका. आख्खा ‘आयपॉड कंट्रोल’ फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर कॉपी करा. ५७ जीबीला बराच वेळ लागेल. यंत्र टेबलावर आडवं राहू द्या. आत खरी फिरणारी छोटी डिस्क आहे, धक्का तिला सोसत नाही. मधेच टक-टक आवाज येऊ लागला किंवा कॉपी एकाच जागी अडकली तर तिथेच थांबा आणि यंत्र डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. तिथेही पहिलं वाक्य हेच असू द्या : आत काही लिहायचं नाही.

नावांचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बाजारातल्या एमपीथ्रीमध्ये गायकाचं, गाण्याचं नाव फाइलच्या पोटातच लिहिलेलं असतं. अशा फाइली कुठल्याही चांगल्या प्लेअरमध्ये ओढल्या की नावं आपोआप परत येतात. आयट्यून्समध्ये लिहिलेलं नाव मात्र वेव्ह फाइलच्या आत जात नाही, ते फक्त यादीत राहतं. म्हणून मी आख्खा फोल्डर कॉपी करा म्हणाले. ‘म्युझिक’च्या शेजारी ‘आयट्यून्स’ नावाचा फोल्डर आहे, त्यात ती बिघडलेली यादी आहे. अर्धवट असली तरी तिच्यात शीर्षकं आणि कुठलं शीर्षक कुठल्या फाइलचं हे बऱ्याचदा शिल्लक असतं. प्रोग्रॅमिंग येणारा एखादा तरुण ते वाचून काढू शकतो. शिवाजी विद्यापीठात किंवा तुमच्या पेठेतल्याच एखाद्या इंजिनिअरिंगच्या मुलाला विचारा.

तेही साधलं नाही तर कान आहेत. गाणं ओळखणारी मोबाइल ॲप इथे चालणार नाहीत. ती प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांशी जुळवून बघतात, आणि कुणाच्या तरी माडीवर झालेली बैठक त्यांच्याकडे कुठून असणार? पण हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांच्या दरबारात गायक अल्लादियाखाँसाहेब होते, १८८३ सालापासून गायन समाज देवल क्लब आहे. संपूर्ण मालकंस आणि बसंती केदार हे त्यांच्या घराण्याचे राग ऐकत म्हातारे झालेले श्रोते अजून आपल्यात आहेत. वडिलांच्या बरोबर बैठकीला जाणारे कोण कोण होते, हे आईंना विचारा. त्यातल्या एखाद्या काकांना रविवारी सकाळी घरी बोलवा, चहा ठेवा आणि फाइल लावा. गायक कोण, तबल्यावर कोण, कुणाच्या घरी, साधारण कुठलं साल, हे वहीत उतरवून घ्या. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कधीही छाटू नका. तानपुरे जुळवतानाचं बोलणं, कुणाला तरी ‘या, पुढं बसा’ म्हटलेलं, यावरूनच जागा आणि माणसं ओळखू येतात. शक्यता आहे की त्या आवाजांत तुमचे वडीलही असतील.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. फाइल थांबतील, ते काका किती दिवस आहेत हे आपल्या हातात नाही.

आणि प्रती दोन करा. एक तुमच्या घरी, दुसरी दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा उंचावरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय. त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कॅसेट आल्या, त्यातल्या काही धुऊन, सावलीत वाळवून बोलत्या झाल्या. भिजलेल्या हार्ड डिस्कच्या बाबतीत असं घरच्या घरी काही करता येत नाही. दोन्ही प्रती उघडून, मधूनमधून ऐकून बघितल्याशिवाय आयपॉडला हात लावू नका. मग खुशाल रिस्टोअर करा आणि वडिलांची गाणी त्यावर परत भरा.

प्रश्न : आमच्या महिला भजनी मंडळाचा छोटा एमपीथ्री प्लेअर आहे. काकडा, हरिपाठ, आमच्याच बायकांनी म्हटलेल्या गौळणी त्यात आहेत. दुकानातून नवीन भजनं भरून आणली तेव्हापासून काही वाजत नाही. कॉम्प्युटरवर फोल्डरच्या जागी बाणाची खूण असलेली चित्रं दिसतात. आमच्या कुणाच्या घरी कॉम्प्युटर नाही.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : काकू, हा व्हायरस आहे. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाची खोटी चित्रं पुढे ठेवतो. त्या चित्रांवर क्लिक केलं की तो त्या कॉम्प्युटरवरही पसरतो, म्हणून तिथे कुणाला क्लिक करू देऊ नका. गौळणी आत असणार. लपवलेल्या फाइल काही प्लेअर वाचतच नाहीत, म्हणून तुम्हाला तो रिकामा वाटतो.

कॉम्प्युटर नसला तरी चालेल. मोबाइलच्या दुकानात ओटीजी केबल मिळते. तिने प्लेअर कुणाच्या तरी अँड्रॉइड फोनला जोडा आणि फोनमधलं फाइलचं ॲप उघडा. विंडोजने लपवलेलं अँड्रॉइडला लपवलेलं वाटत नाही, त्यामुळे फोल्डर सरळ दिसतात. (एखादा फोल्डर बिननावाचा, नुसती मोकळी जागा असल्यासारखा दिसेल, त्यातही बघा. हा व्हायरस कधी कधी सगळं अशा फोल्डरात कोंबतो.) फक्त गाण्यांच्या फाइल फोनमध्ये घ्या, बाणवाली चित्रं घेऊ नका. मंडळातल्या दोघी-तिघींच्या फोनमध्ये गौळणी पोचल्या आणि वाजल्या की प्लेअर फॉरमॅट करून परत भरा. पुन्हा दुकानात जाताना रिकामा पेन ड्राइव्ह न्या, प्लेअर नेऊ नका.

प्रश्न : प्लेअरमधलं ३२ जीबीचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं. परत मिळेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कार्ड आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. साध्या, झटपट होणाऱ्या फॉरमॅटमध्ये यादी पुसली जाते, गाणी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत राहतात. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. नावात फोटो असलं तरी ते एमपीथ्रीही शोधतं. सापडलेल्या फाइल कॉम्प्युटरवर साठवा, त्याच कार्डवर चुकूनही नको. फाइलींची नावं गेलेली असतील, पोटातली नावं राहतील. ‘कार्डात दोष आहे, दुरुस्त करू का?’ असं विंडोजने विचारलं तर नको म्हणा, ते तुकड्यांच्या वेगळ्याच फाइल करून ठेवतं.

कार्ड फार स्वस्तात घेतलं असेल तर आणखी एक शंका. वर ३२ लिहिलेलं आणि आत खरी जागा ८ची, अशी बनावट कार्डं बाजारात आहेत. त्यावर गाणी भरलेली दिसतात आणि पुढची पुढची वाजत नाहीत. ही तपासणी एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने होते. तो सगळं कार्ड भरून बघतो, म्हणून गाणी काढून झाल्यानंतरच चालवा.