वाचकांचे प्रश्न : वाटेतली एक रात्र

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षे झाल्यानंतर प्रथमच आम्ही दोघेच गाडीने समुद्रकाठच्या रस्त्याने दोन दिवसांचा प्रवास करणार आहोत. समुद्र सबंध वाटभर पश्चिमेला राहील. वाटेत मुक्काम एकच आहे आणि तो कुठे करावा यावर आमचे एकमत होत नाही. माझ्या पतींना उंच कड्यावरचे एक हॉटेल फार आवडले आहे. त्याची छायाचित्रे खरोखरच सुंदर आहेत, परंतु तिथवर पोहोचायला नुसते गाडी चालवण्याचेच आठ तास लागतात. मला साडेपाच तासांवरचे लहानसे बंदराचे गाव बरे वाटते. तिथल्या एका घरगुती निवासात वाळूपासून काही पावलांवर खोली मिळते आहे. तिसरा पर्याय या दोहोंच्या मधल्या मोठ्या शहराचा आहे, जिथे सगळ्या सोयी आहेत. ही रात्र आमच्या कायम लक्षात राहावी, अशी इच्छा आहे. आम्ही काय निवडावे?

उत्तर : माझे मत बंदराच्या गावाच्या बाजूने आहे. त्याची कारणे मात्र सविस्तर सांगतो, म्हणजे आपल्या पतींना कड्यावरच्या हॉटेलाविषयी वाटणारी ओढही त्यात सामावून घेता येईल.

सर्वांत आधी वेळेचा हिशेब मांडून पाहावा. नकाशावरचे आठ तास हे प्रत्यक्षात आठ तास कधीच नसतात. समुद्रकाठचा रस्ता किनाऱ्याच्या प्रत्येक वळणाबरोबर वळतो, खाडी आली की लांबचा फेरा घेतो किंवा तरीच्या रांगेत थांबवतो. शिवाय जो प्रवास समुद्र पाहण्यासाठीच काढला आहे त्यात ठिकठिकाणी थांबणे आलेच. जेवण, विश्रांती आणि या थांब्यांचे किमान दोन तास धरले, तर सकाळी आठ वाजता निघूनही कड्यावर पोहोचायला सहा तरी वाजतील, आणि हिवाळ्याच्या दिवसांत तोवर सूर्य जवळजवळ बुडालेला असेल. हाच हिशेब बंदराच्या गावाला लावला, तर आपण साडेतीन-चारच्या सुमारास खोलीवर असाल. अंघोळ करून, थोडे पडून, ताजेतवाने होऊन सूर्यास्ताला किनाऱ्यावर जाण्याइतका वेळ हाताशी उरेल. सूर्यास्तापूर्वी दोन तास पोहोचता येत नसेल, तर तो मुक्काम कितीही देखणा असला तरी त्या दिवसासाठी दूरचा समजावा, असे मी नेहमी सांगत आलो आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी केवळ खिडकीतल्या समुद्रासाठी एक खोली घेतली आणि वळणावळणांच्या रस्त्याने अंधार पडल्यावर दोन तासांनी तिथे पोहोचलो. खिडकीबाहेर फक्त काळोख होता. स्वयंपाकघर बंद होण्याच्या बेतात होते, माझ्या डोळ्यांसमोर अजूनही समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे नाचत होते, आणि ज्या गप्पांसाठी आम्ही घर सोडले होते त्या गप्पा मारण्याचे त्राण दोघांतही उरले नव्हते. सकाळी पडदा सारल्यावर समुद्र दिसला खरा, पण तासाभरात तिथून निघायचे होते.

आता दृश्याविषयी. कड्यावरून दिसणारे दृश्य मोठे असते, याबद्दल वाद नाही. पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते, तर शंभर मीटर उंचीवरून ते सुमारे छत्तीस किलोमीटरवर जाते. छायाचित्रांत जी अथांगता दिसते ती या उंचीची देणगी असते. मात्र ही देणगी दिवसाउजेडाची आहे. रात्री तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्या उंचीवर लाटांचा आवाजही पुष्कळदा विरूनच पोहोचतो. तेव्हा प्रवासातील प्रत्येक जागेला हा प्रश्न विचारावा, की इथे रात्र काढल्यामुळे असे काय मिळणार आहे, जे दिवसा तासभर थांबून मिळणार नाही? कड्यावरचे दृश्य दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी, वाटेवर थांबून, मनसोक्त पाहता येईल; त्या हॉटेलात जेवणाची सोय बाहेरच्यांसाठी असेल तर तिथे निवांत जेवताही येईल. आपल्या पतींची इच्छा अशी पूर्ण करावी, असे मी मनापासून सुचवतो. उलट लाटांची गाज ऐकत झोपणे, ओहोटीच्या ओल्या वाळूवरून अंधार पडेपर्यंत चालणे आणि पहाटेचा शांत समुद्र या गोष्टी मुक्काम केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्या पाण्याजवळ राहिल्यासच मिळतात.

शहराचा पर्याय मी सोडून देईन. सोयी चांगल्याच असतात, पण अशी रात्र कोणत्याही शहरात काढता येते.

गाव निश्चित करण्यापूर्वी तिथली संध्याकाळ कशी असेल, हे मात्र तपासून घ्यावे. किनारा पश्चिमेचा आहे म्हणजे सूर्य समुद्रातच बुडेल, असे गृहीत धरू नये. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे. उष्ण कटिबंधातदेखील या दोन टोकांमध्ये जवळपास पन्नास अंशांचे अंतर पडते. बंदरे बहुधा एखाद्या भूशिराच्या आडोशाला वसलेली असतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यात बुडणारा सूर्य हिवाळ्यात त्या भूशिरामागे लवकर दिसेनासा होऊ शकतो. निवासाच्या मालकांना ‘या महिन्यात सूर्य कुठे मावळतो?’ असे सरळ विचारावे. तिथे राहणाऱ्याला ते ठाऊक असते.

भरती-ओहोटीच्या वेळा त्याहून महत्त्वाच्या आहेत. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या वेळी पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर जाते. छायाचित्रात दिसणारी रुंद वाळू आपण पोहोचाल त्या संध्याकाळी पूर्ण पाण्याखाली असू शकते. तारखा बदलणे शक्य असेल, तर सूर्यास्ताच्या सुमारास पाणी ओसरत असेल असा दिवस निवडावा. खडकांना वळसा घालून जाणारी पायवाट असेल, तर भरतीपूर्वी परत फिरावे, आणि अंधारात पाण्यात उतरू नये. हे मी सावधगिरी म्हणून सांगतो आहे आणि त्यात अपवाद करू नये.

चंद्राचाही विचार करावा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर तो पाठीमागच्या डोंगरांवरून वर येईल आणि समुद्रावर त्याची वाट उमटायला मध्यरात्र उलटेल. (ज्यांचा किनारा पूर्वेचा आहे, त्यांनी सूर्यास्त नाही म्हणून खंत करू नये, पौर्णिमेच्या संध्याकाळी पाण्यातून वर येणारा चंद्र पाहायला मिळणे हे त्यांचेच भाग्य आहे.) पश्चिम किनाऱ्यावर शुद्ध तृतीया-चतुर्थी मला अधिक प्रिय आहे. सूर्य बुडाला, रंग निवू लागले, की त्याच दिशेला कोवळी चंद्रकोर दिसू लागते आणि तीही तास-दोन तासांत समुद्रात उतरते. त्यानंतर उरतात त्या चांदण्या, आणि जवळपास दीपगृह असेल तर त्याचा फिरणारा प्रकाश. प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाची लय ठरावीक असते, कारण खलाशी तिच्यावरूनच आपण कुठे आहोत हे ओळखतात. दोघांनी शेजारी बसून त्या दोन झोतांमधले सेकंद मोजून पाहावेत.

संध्याकाळी वाऱ्याचा त्रास झाला तर निराश होऊ नये. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्रावरून खारे वारे जोराने येतात; सूर्यास्तानंतर ते मंदावतात आणि पुढे रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहू लागतात. या दोहोंच्या मधली शांत वेळ बाहेर बसून जेवण्यासाठी उत्तम. पश्चिम किनाऱ्यावर पहाटे समुद्र बराच स्थिर दिसतो, त्यालाही हेच जमिनीकडून येणारे वारे कारण असतात.

खोलीविषयी विचारताना ‘सी व्ह्यू’ या शब्दांवर समाधान मानू नये. पलंगावरून समुद्र दिसतो का, मधे रस्ता किंवा वाहनतळ आहे का, जनरेटर कुठे आहे, स्वयंपाकघर किती वाजता बंद होते आणि त्या रात्री तिथे एखादा समारंभ तर नाही ना, हे विचारावे. आपण निवडलेले गाव बंदराचे आहे, तेव्हा होड्या पहाटे किती वाजता निघतात हेही विचारून ठेवावे. इंजिनांच्या आवाजाने झोप मोडणार असेल, तर धक्क्यापासून दूरची खोली मागावी. मी स्वतः मात्र त्या वेळी उठून धक्क्यावर जाऊन उभा राहीन.

एक गोष्ट रस्त्याची. कड्याकडेने जाणारे रस्ते दरडींमुळे बंद पडतात. कॅलिफोर्नियातील बिग सर भागातला हायवे वन मे 2017 मधील प्रचंड दरडीनंतर जुलै 2018 पर्यंत त्या ठिकाणी बंद होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची स्थिती पाहावी आणि मुक्काम असा ठेवावा, की आतल्या रस्त्यानेही तिथे पोहोचता येईल. बंदराच्या गावाला असा रस्ता बहुधा असतो.

प्रश्न : अशाच प्रवासात मला माझ्या पत्नीला मुक्कामाचे ठिकाण शेवटपर्यंत सांगायचे नाही. हे योग्य ठरेल का? काही अडचण येईल का?

उत्तर : ठिकाण अवश्य गुप्त ठेवावे, तास गुप्त ठेवू नयेत. किती वेळ गाडीत बसायचे आहे, वाटेत वळणे किती आहेत, संध्याकाळी वाळूवर चालायचे आहे की पायऱ्या चढायच्या आहेत, गार वाऱ्यासाठी अंगावर काही घ्यावे लागेल का, एवढे त्यांना आधी कळले पाहिजे. वळणांच्या रस्त्यावर मळमळत असेल तर ही माहिती नसल्याने सारी संध्याकाळ वाया जाते. शक्य असल्यास शेवटचा तासभर गाडी आपण चालवावी आणि त्यांना समुद्राच्या बाजूला बसू द्यावे. जिथे डावीकडून वाहने चालवतात तिथे समुद्र डावीकडे राहील अशा दिशेने प्रवास आखला, की हे आपोआप जमते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोडवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे याच कारणासाठी सोयीचे पडते, आणि समुद्राच्या कडेला थांबण्यासाठी समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. शेवटच्या वळणापूर्वी गाडी दोन मिनिटे थांबवून ठिकाणाचे नाव सांगावे, म्हणजे ते समोर येताना त्यांना नीट पाहता येईल.