रोल केज (गाडीच्या आत बसवतात तो स्टीलच्या पाइपांचा पिंजरा) बसवला तर गाडीचा मूळ सीटबेल्ट ट्रॅकवर चालेल का?

नाही भाऊ, जळगावच्या एमआयडीसीत केज कितीही दणकट करून घेतला तरी कोइमतूरच्या ट्रॅकवर कंपनीचा साधा सीटबेल्ट पुरणार नाही. केज छप्पर आणि गाडीचा सांगाडा दबू देत नाही, एवढंच त्याचं काम. गाडी उलटली की त्या बेल्टमध्ये अंग हलतं आणि डोकं पाइपवर आपटतं. बकेट सीट (अंग दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी), सहा टोकांचा हार्नेस (सहा ठिकाणी अडकवलेला रेसिंगचा पट्टा), हेल्मेट हे हवंच. हार्नेस लावला की हान्सही (खांद्यावर बसणारी, हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली कॉलर) घ्या, कारण खांदे जखडलेले असतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि कवटीच्या तळाचं हाड मोडतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर तिथला नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट अशाच इजेने गेला. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून हान्स सक्तीचं आहे. फॅब्रिकेटर खिडक्यांच्या ग्रिलचा पाइप खपवायला बघेल, ऐकू नका. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या) नियमात केजच्या मुख्य कमानीला, म्हणजे सीटमागच्या कमानीला, सीमलेस (जोड नसलेला) पाइप लागतो, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० आणि २. मात्र हीच गाडी रोज धुळे रोडवर पळवायची असेल तर केज नकोच. तिथे डोक्यावर हेल्मेट नसतं, साध्या धडकेतही तोच पाइप कपाळात बसेल.